वैनीच्या हातावरचं गोंदण

वैनी,

चुना घासून गोंदण काढाय निघालीस व्हय? अजून ओलंच हाय ते, सगळा हात सोलून घेतलास! का, तर दादा म्हनला, "असला अडाणी हात घेऊन कारखान्याच्या क्वार्टरला येऊ नको, सायबांच्या बायका हसतील." आगं, नाव कुणाचं हाय त्यावर? त्याचंच ना! गोंदणारीण विचारून दमली तरी नवऱ्याचं नाव तुझ्या तोंडातनं निघंना, शेवटी मीच वरडून सांगितलं. मला वाटलं, दादा बघून हरखंल!

आता ऐक. खोबरेलात हळद कालवून चुलीमागं झाकून ठेवलीय, ती लाव. हात पाण्यात घालू नको. भांडी मी येऊन घाशीन, आईला सांगितलंय. लई खाजलं तरी खपली काढू नको.

मी कोल्हारच्या यष्टीनं दादाकडं चाललेय. त्या बायकांसमोरच विचारनार हाय, नाव नको का बायकोच नको? संध्याकाळी त्याला घेऊनच येते. रातचं तेल त्यानंच लावायचं, न्हाईतर जेवाय वाढायचं न्हाई. आन तो लावाय बसला की तू लाजून हात मागं घेऊ नको.

यमुना