गोदाम सुधाकडे

जयपूर,
१२ जानेवारी २०२५

चि. सुधा,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. गोपालपुऱ्यात थंडी कडाक्याची आहे. तुझी वहिनी प्रभा मला स्वेटरवर स्वेटर चढवते आणि वर स्वतःच हसते. तुझे गुडघे कसे आहेत? मी सांगितलेले व्यायाम करत नसशीलच.

मिरजेहून तू पाठवलेलं खोकं अखेर उघडलं. आईच्या शालींखाली आपला मालवाहू विमानांचा खेळ निघाला, आनंदरावकाकांनी विलायतेहून आणलेला. पटावर जगाचा नकाशा, पत्र्याची चार विमानं, मालाच्या लाकडी पेट्या. तू दातांनी चावलेली पेटीसुद्धा शाबूत आहे.

काल नातीला शिकवायला बसलो. म्हटलं, संपदा, सगळ्यात धाकट्यानं गोदाम सांभाळायचं, पेट्या भरून द्यायच्या; विमानं मोठ्यांनी उडवायची. तिनं नियमांची पुस्तिका उघडली. "आजोबा, ऐसा रूल तो इसमें है ही नहीं. मतलब, तुम्ही बनवला?"

हो, मीच बनवला होता. बाबा बदलीच्या गावी, आईला इंग्रजी येत नव्हतं, तू दुसरीत. "पुस्तकात तसंच लिहिलंय," म्हटलं की तू मान डोलवायचीस. चार-पाच सुट्ट्या तू पेट्या भरल्यास आणि मी लंडन, कैरो फिरून आलो. एकदाही विमान मागितलं नाहीस गं. संपदा खो-खो हसत होती. मला जेवण गेलं नाही.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं जमणार नाही, म्हणून कागद घेतला.

आठ वर्षांपूर्वी तुला पाचगणीच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं. आईला माझ्याकडे ठेवाल का, असं तू विचारलंस. तेव्हा मी, घरातला डॉक्टर, तुला म्हणालो की जयपूरचा उन्हाळा आईच्या हृदयाला सोसणार नाही. शिवाय तीही मिरज सोडायला तयार नाही. तू एकही उलट प्रश्न विचारला नाहीस. शाळेला नकार कळवलास.

आईला इथं काहीही होणार नव्हतं, सुधा. घरात एसी होता, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर होतं. मलाच घरात आजारी माणूस नको होतं. प्रभाला बोल लावू नकोस, तिनं तर खालची खोली आवरून ठेवली होती.

आणि आई तयार होती. तीनदा फोनवर म्हणाली, "श्रीधर, मी येते तुझ्याकडे. पोरीला जाऊ दे रे." मी तिला सांगितलं, सुधाच तुला सोडायला तयार नाही. मग तिनं विषय काढला नाही.

ती गेल्याला वर्ष झालं. तू तिचा फोटो अजून भिंतीवर लावलेला नाहीस. "तिनं मला अडकवून ठेवलं, दादा," म्हणत तू रडलीस आणि मी तुझी समजूत घालत बसलो! खरं बोलायला तोंड उघडेना. लाज वाटत होती, आणि तुझी माया तुटेल याची भीतीही.

हे वाचून तू माझ्याशी बोलणं टाकशील. टाक, मी काही म्हणणार नाही. पण आईवरचा राग सोड. तू जावंस अशी तिची फार इच्छा होती. तुला अडवलं ते मी.

तुझा दादा म्हणवून घ्यायचं धाडस आज होत नाही,

श्रीधर