डावा कान

आबा, तुम्हाला एका माणसानं सलाम सांगितला आहे, तो पोचवायचा म्हणून लिहायला बसलो. माणूस डच आहे, सत्तरी ओलांडलेला, तुम्हाला कधी भेटलेला नाही, आणि तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली हे त्याला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात मी इथल्या, आइंडहोवनच्या, नगरपालिकेत निवडून आलो म्हणून त्यानं कार्ड पाठवलं. इथे लोक अजून कार्डं पाठवतात. वाढदिवसाला, पाय मोडल्यावर, घरातलं कुत्रं गेल्यावरसुद्धा. कार्डावर दोनच ओळी आहेत. मनापासून अभिनंदन, आणि तुमच्या सैनिक वडिलांना माझा सलाम कळवा. हा माणूस वीस वर्षं सलग निवडून येत होता आणि या वेळी पडला, तो माझ्यामुळे. कार्ड बायकोनं खिडकीत उभं करून ठेवलंय. येता-जाता दिसतं आणि माझं डोकं फिरतं. टोमणा असता तर बरं झालं असतं, मनातल्या मनात उलट उत्तर देऊन मोकळा झालो असतो. टोमणा नाही, हीच पंचाईत आहे.

नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, "मुद्द्याचं बोल." या देशात लष्करातली सक्ती कायद्यानं अजून आहे, फक्त बोलावणं बंद केलंय. पोरं सतरा वर्षांची झाली की सरकारचं पत्र येतं: तुमचं नाव यादीत आहे, सध्या काही करायची गरज नाही. आता मुलींनाही येतं. तुमच्या नातीला आलं तेव्हा तुमच्या सुनेनं ते दोनदा वाचलं, भाषांतर करून पुन्हा वाचलं आणि रडायलाच लागली. पूर्वी मात्र खरोखर जावं लागायचं, आणि ज्यांना जायचं नव्हतं त्यांच्यासाठी वाटाही होत्या. शिक्षण चालू आहे म्हणून मुदत, घरात कमावता एकटाच म्हणून सूट, नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी. हल्ली युरोपात पुन्हा युद्धाच्या गोष्टी सुरू झाल्यात, त्यामुळे बोलावणं परत सुरू करावं का, हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला. खरं तर पालिकेच्या हातात यातलं काहीही नाही. आमच्या हातात कचऱ्याचे डबे आणि सायकलचे रस्ते. पण लोकांना असले विषय आवडतात, म्हणून एका शाळेच्या सभागृहात वादसभा ठेवली, आणि हे कार्डवाले गृहस्थ उभे राहून म्हणाले की तरुणांनी आयुष्यातलं एक वर्ष देशाला द्यायला हवं.

आमच्या पक्षातल्या एका बाईंनी त्यांच्या कॉलेजचं पन्नास वर्षांपूर्वीचं मासिक शोधून काढलं होतं. त्यात यांनीच मजेत लिहिलेलं: तीनदा शिक्षणासाठी मुदत घेतली, चौथ्यांदा पाठदुखीची चिठ्ठी आणली, आणि त्याच हिवाळ्यात गोठलेल्या कालव्यावर दिवसभर स्केटिंग केलं. तो कागद बाईंनी माझ्या हातात दिला, कारण माझं डच अडखळतं आणि अडखळत वाचणारा माणूस लोकांना भोळा वाटतो. मी वाचलं. सभागृह हसलं. ते उठले, चेहरा लालबुंद, म्हणाले, "खरं आहे. मी घाबरलो होतो. माझ्या जागी दुसरं कुणीतरी गेलं असणार, हे मला फार उशिरा उमगलं. म्हणून तर आज हे बोलतोय." त्या हसण्यात ते कुणाला ऐकूही गेलं नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही?" अगदी साधेपणानं विचारलं हो. मी म्हणालो, "आमच्या देशात सक्ती नाही. पण माझे वडील चोवीस वर्षं फौजेत होते." टाळ्या, आबा. उभं राहून टाळ्या. मी बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तुमची वर्दी अंगावर चढवली आणि ऐटीत खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, आठवड्याभरात त्या माणसाचं नावच 'पाठदुखी' पडलं. वाचनालय बंद पडायला आलं होतं ते त्यानं वाचवलं. दर शनिवारी शाळेच्या पटांगणात नव्यानं आलेल्या बायकांना तो सायकल शिकवायचा. तुमची सून तिथेच शिकली, सीट धरून हा मागे पळायचा, आणि ही मराठीत ओरडायची, "सोडू नका, सोडू नका!" ती सगळी वीस वर्षं एका चिठ्ठीत गेली. मोठमोठ्या देशांत असल्याच सवलती घेतलेली माणसं सगळ्यात वरच्या खुर्चीत बसून पलटणींची मानवंदना घेतात, त्यांचं काही अडत नाही. इथे कचऱ्याचे डबे बघणारा म्हातारा पडतो. कुणाला माफी आणि कुणाला नाही, याला काही धरबंध आहे का? हे सगळं पक्षाच्या बैठकीत टेबलावर हात आपटून बोलावंसं वाटतं. पण बोललो तर पुढचा प्रश्न ठरलेला: आणि तुम्ही?

तुम्हाला वाटतं त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. मी अठरा वर्षांचा आहे. अधिकारी निवडीच्या मुलाखती पार झाल्यात, आणि सुभेदाराचं पोरगं साहेब होणार म्हणून तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. राहिलीय फक्त वैद्यकीय तपासणी. लष्करी इस्पितळातली लांबलचक खोली, भिंतीकडे तोंड करून मी उभा, एका जवानानं माझा उजवा कान बोटानं बंद केलेला, आणि वीस फुटांवरून डॉक्टर कुजबुजत आकडे म्हणतोय. ते मी परत म्हणायचे. पहिला आकडा आला, बत्तीस. स्वच्छ ऐकू आला. मी गप्प राहिलो. दुसरा आला, तेव्हाही गप्प. ठरवून गेलो नव्हतो, शपथेवर सांगतो. तुमच्या पोटरीतला तो गोळीचा खड्डा डोळ्यांपुढे आला आणि भीती वाटली, एवढंच. त्यांनी फेरतपासणी करून घ्या म्हणून लिहून दिलं. तुम्ही लगेच अर्ज लिहायला बसलात, तर मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले उपयोग नाही. कुठलाच डॉक्टर असं म्हणाला नव्हता.

मला वाटलं विषय संपला. तुम्ही कुठे संपू दिलात? स्वयंपाकघरात पाटावर बसवून, आईकडून लसणीचं तेल कोमट करून घेऊन, अख्खा पावसाळा तुम्ही स्वतः माझ्या कानात दोन-दोन थेंब सोडलेत. मुलगी बघायला गेलो तर चहा यायच्या आधीच सांगून टाकलंत, "पोराचा डावा कान कमी हाय. लपवून ठेवणार न्हाई." तुमचा खरेपणा सासऱ्यांना इतका आवडला की तिथेच होकार दिला. तेव्हापासून बायको माझ्या उजवीकडे चालते, उजवीकडे झोपते. मी इकडे यायला निघालो तेव्हा तुम्ही मला मरून रंगाची कानटोपी दिलीत, तिकडची हवा कानाला वाईट म्हणून. ती घालून मी अजून सायकलवर ऑफिसला जातो. पस्तीस वर्षं हा बहिरेपणा सांभाळतोय, आबा. पंगतीत डाव्या टोकाची जागा धरायची, डावीकडून कुणी हाक मारली तर लगेच वळायचं नाही. पोरगी चार वर्षांची असतानाच शिकली की बाबाला कळू द्यायचं नसेल तर डाव्या बाजूनं पुटपुटायचं. माझ्याविषयी ती काय काय म्हणते ते सगळं मला माहीत आहे, आणि मला साधं हसताही येत नाही.

तुम्ही मला एकदाच झापलंत. निवृत्तीनंतर तुम्ही बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचात. मी डबा घेऊन आलोय, आपल्या भागातले एक पुढारी बँकेत शिरतायत, तुम्ही उठून सलाम ठोकता. ते आत गेल्यावर मी म्हणालो, "भरतीच्या मेळाव्यात भाषणं ठोकतात आणि स्वतःचं पोरगं अमेरिकेत." तुम्ही हातातला घास डब्यात परत ठेवलात. "त्याच्या पोराचं त्याच्यापाशी. दुसऱ्याची मापं काढायला तुला कुणी बसवलंय? आपलं बघ." माझ्या उजव्या कानाशी वाकून म्हणालात, ऐकू जावं म्हणून. नेमकी दुसऱ्याची मापं काढूनच मी आज निवडून आलोय.

हे असंच दाबून राहिलं असतं. पण तुमच्या नातीला आता जायचंय. थोड्याच दिवसांत अठराची होईल. इथे लष्करात स्वखुशीनं एक वर्ष काम करता येतं, त्यासाठी तिनं नाव द्यायचं ठरवलंय. वादसभेतला माझा व्हिडिओ ती मैत्रिणींना दाखवते, "माय ग्रँडफादर, ट्वेंटी-फोर इयर्स," म्हणून सांगते. परवा जेवताना फॉर्म घेऊन आली. "बाबा, इथे फॅमिली हिस्टरी विचारलीय. तुझा इअर प्रॉब्लेम बर्थपासून आहे का? हेरेडिटरी असेल तर एक्स्ट्रा टेस्ट असते. मेबी रिजेक्ट पण करतात."

"मग लिहूच नकोस ना ते," बायको म्हणाली.

"आई, दॅट्स लाइंग. आजोबांनी तुमच्या घरी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं, तूच सांगतेस ना नेहमी?"

मी भाताकडे बघत बसलो. तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या मनात काय आलं. लिहू दे तिला. एक ओळ, आणि पोरगी घरात राहील. मला काही करायलाही नको, नुसतं गप्प बसायचं, आणि त्याची मला चांगली सवय आहे. दोन दिवस तो विचार मी सोडला नाही, कुरवाळत बसलो. स्वतःचीच किळस आली, तरी सोडवेना. स्वतःसाठी बोललेलं खोटं आता मी तिच्या वाटेत टाकणार, आणि त्याला तिची काळजी म्हणणार.

आज सकाळी त्या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं. पुढे लिहिलं, वडिलांचे दोन्ही कान चांगले आहेत. फॉर्म तिच्या खोलीत टेबलावर ठेवलाय. चार वाजता ती शाळेतून येईल, बघेल आणि खाली धावत येईल. मग सगळं सांगावं लागेल; आधी तिला, मग तिच्या आईला, मग त्या कार्डवाल्या गृहस्थांच्या दारात जाऊन त्यांना. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो मी. त्यानंतर पालिकेतली खुर्ची राहील का जाईल, बघू. पोरगी पुन्हा कौतुकानं बघेल का, त्याची धास्ती जास्त आहे. पण या सगळ्यांच्या आधी तुमचा नंबर.

तुम्ही एकदाच इकडे आलात, ती जेमतेम तीन वर्षांची असताना. मे महिन्यात, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, मी तुम्हाला चौकात घेऊन गेलो. संध्याकाळी आठला सगळा देश दोन मिनिटं थांबतो. बस थांबतात, सायकली थांबतात, पोरंसुद्धा गप्प होतात. नात माझ्या खांद्यावर, तुम्ही सावधानमध्ये, आणि कधी नव्हे ते माझ्या डाव्या बाजूला. दोन मिनिटं संपली. बँड सुरू व्हायच्या आत, समोर बघतच, तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "गेला न्हाईस ते बरं झालं, पोरा. लई बरं झालं." मी मान वळवली नाही. वळवली असती तर पकडला गेलो असतो. मग बँड वाजायला लागला, तुम्ही नातीचा पाय हातात धरलात, आणि घरी येईपर्यंत आपण ट्यूलिपच्या भावाविषयी बोललो.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून मी एकाच गोष्टीवर डोकं आपटतोय. तुम्ही त्या बाजूला उभे राहिलात ते मला ऐकू जाणार नाही म्हणून, की जाईल म्हणून? माहीत होतं तर एकदा तरी तोंडावर विचारायचंत. तेल कशाला घातलंत, टोपी कशाला दिलीत, सासऱ्यांना कशाला सांगितलंत? चिडायचं तरी कुणावर? साडेतीन वाजले. हे कागद मी घडी करून तुमच्या कानटोपीत ठेवतोय, दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या गृहस्थांचा सलाम पोचला असं समजतो. आणि त्या चौकात तुम्ही जे म्हणालात, ते मला ऐकू आलं होतं, आबा.