आरशासारखं पॉलिश

प्रिय दिपाताई,

फोन सोडून हा पत्र काहून लिहून राहिला, असं वाटंल तुला. पण मी फोन लावला की बापू शेजारी येऊन बसतात, आणि तिकडं तुझ्या सासूबाई तुला स्पीकर चालू करायला लावतात. मग आपण दोघं नुसतं हवापाणी बोलतो. इंग्लिश मीडियमवाल्याचं मराठी आहे, चुका दिसल्या तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

हळद कमरेएवढी झाली. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कॅनॉलला आलंय. आई म्हटलेलं न चालणाऱ्या आपल्या याडीचा गुडघा तसाच आहे, तिला डॉक्टरकडं चल म्हटलं की तिला लगेच काहीतरी काम आठवतं. तांड्यावर सगळे बरे आहेत. फक्त बापू बरे न्हाईत. तू राखीला आली तेव्हा ते तुला दोनदा जेवलीस का विचारत व्हते आणि आपण हसलो व्हतो, आठवतं? आता आम्ही हसत न्हाई.

बापूंच्या रिव्हॉल्वरचं मला कसं वेड आहे ते तुला माहीतच आहे. फौजेतून आल्यावर लायसन काढून घेतलेला तो स्टीलचा रिव्हॉल्वर आपल्याला वर्षातून एकदाच, दसऱ्याला, जवळून बघायला मिळायचा. त्यांची रीत आठव. सिलिंडर उघडायचा, गोळ्या काढून याडीच्या पदरात टाकायच्या, मग एकेका भोकात बोट घालून बघायचं, परत बघायचं, आणि तेव्हाच तेलाचं फडकं फिरवायचं. याडी पदर आवळून बसायची, जसं काही गोळ्या उडूनच जातील. मी मात्र त्या रिव्हॉल्वरकडं बघून मनात म्हणायचो, एवढा भारी पीस आणि असा मळकट दिसतो! मोबाइलवर बघितलेले सगळे कसे लखलखीत असायचे. म्हणूनच तर उन्हाळ्यात तुला मेसेज केलता, लायसन माझ्या नावावर करायचं, तुझी संमती लागते म्हणून. तू उत्तरच दिलं न्हाई. बरं केलं.

आता जे फोनवर सांगितलं न्हाई ते सांगतो. पोळ्याच्या आसपासची गोष्ट आहे. दिवस मावळताना शेजारचे सुदामकाका मोटारीचा पाना मागायला आले. रोजचाच माणूस. बापूंनी त्यांना ओळखलं न्हाई. उशाखालून रिव्हॉल्वर काढला आणि दारात उभे राहून त्यांच्या छातीवर धरला. कोण रे तू, कुणाच्या गोटातून आलास? काकांचे हात वर. मी ओसरीवर नुसता बघत. याडीनं काय केलं माहितीये? चुलीपासून उठली पण न्हाई. तिथूनच ओरडली, अवो, भाकर गार होऊन राहिली, जेवाया येता का न्हाई? बापूंनी हात खाली घेतला आणि जेवायला बसले. काकांना म्हणाले, या सुदाम, बसा. काका पाना न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात कसे, रूपसिंगभाऊंचा नेम अजून बराबर आहे बरं का. हसत व्हते, पण उंबऱ्याच्या आत आले न्हाईत.

तेव्हापासून याडीला झोप न्हाई, मला न्हाई. काढून घ्यायला गेलं की बापू चिडतात, रडतात पण. फौजेतला माणूस रडताना बघवत न्हाई ताई. एकदा मी गोळ्या लपवल्या तर त्यांनी सगळी उतरंड उतरवली आणि सापडल्यावर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी गल्लीतलं कुणाचं तरी पोरगं.

मग दसरा आला. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून याडी म्हणाली, यंदा तू पूस. गोळ्या तिच्या पदरात, भोकं दोनदा बघितली, सगळं रीतीनं. पण मी फडक्यावर थांबलो न्हाई. हिंगोलीहून बारीक पॉलिश पेपर आणला, पॉलिशची ट्यूब आणली, बापूंचं जुनं बनियन फाडलं. आधी ओला पेपर, मग त्याहून बारीक, मग पेस्ट, आणि शेवटी नुसतं कापड, हात दुखेस्तोवर. त्या मंद रेघा गेल्या. अंगठ्याखालचा काळपट डाग गेला. मुठीच्या वर एक वाकडा ओरखडा व्हता, तो जायला लई वेळ लागला, पण तोही गेला. माझं तोंड दिसायला लागलं त्यात. मला वाटलं बापू खूश होतील. खरं सांगू, मला वाटलं म्हणतील, आता हा तुझा.

पूजेला विळा, कुळवाची पास, ट्रॅक्टरची चावी, मधात रिव्हॉल्वर. बापूंनी तो उचलला. उलटा केला. मुठीच्या वर अंगठा फिरवला, परत फिरवला, काहीतरी शोधल्यासारखा. आणि हळूच खाली ठेवला. म्हणाले, हा माझा न्हाई. माझा कुठं हाय?

मी सांगितलं, पॉलिश केलंय बापू. याडीनं सांगितलं. ते ऐकतच न्हाईत. मी विकला म्हणतात, आणि हा नकली आणून ठेवला म्हणतात. माझ्या हातचा चहा घेत न्हाईत. पण एक गोष्ट म्हणाले, दुसऱ्याचं हत्यार घरात ठेवायचं नसतं, ठाण्यात देऊन ये. याडीनं माझ्याकडं बघितलं. आम्ही त्यांनाच सोबत घेऊन गेलो. साहेबांनी लायसनशी नंबर ताडून पाहिला आणि म्हणाले, अहो रूपसिंग, हा तुमचाच. मला वाटलं, आता परत घरी येतो हा. बापू म्हणाले, साहेब, नंबर काय, कोणीबी घालतं. माझा हात मला खोटं सांगंल का? आणि जमा करून टाकला.

घरात आता रिव्हॉल्वर न्हाई. सुदामकाका परत आत येऊन बसतात. हेच तर पाहिजे व्हतं ना आपल्याला? पण बापू त्यांचा तो शोधून राहिले. गोधड्या उसवल्या, ट्रॅक्टरची पेटी उलथी केली, परवा कॅनॉलच्या काठानं वाकून वाकून चालले व्हते. पाणी भरून वाहून राहिलंय ताई. मी मागं मागं, आणि मी दिसलो की ते आणखी भरभर चालतात.

तो ओरखडा कशाचा व्हता ते याडीनं मला नंतर सांगितलं. तू चालायला शिकली व्हतीस, पूजेतला विळा ओढलास आणि रिव्हॉल्वरवरून घसटत नेलास. बापू रागावले न्हाईत म्हणे. मिटवतो म्हणणाऱ्याला सांगायचे, राहू दे, माझ्या लेकीची खूण हाय. मला कुणी सांगितलंच न्हाई कधी. त्या संमतीचं आता राहू दे. दुसरंच मागायला लिहून राहिलो. तू ये, दिवाळीची वाट नको बघू. बापूंजवळ बस आणि म्हण, तुमचा रिव्हॉल्वर माझ्या घरी आहे, कपाटात, कुलपात. खोटं आहे, माहितीये. माझ्यावर न्हाई, पण तुझ्यावर विश्वास ठेवतील. ओळख विचारतील, तेव्हा म्हण, मुठीच्या वर, डाव्या अंगाला, वाकडा ओरखडा, मीच पाडलेला. तेवढंच त्यांना पाहिजे. मग ते कॅनॉलवर जाणार न्हाईत.

आणि जमलं तर एवढंही म्हण, की योग्यानं विकला न्हाई.

तुझी वाट बघणारा, तुझाच
योगेश