डाव्या हाताचे आकडे

१६ जाने. ७८, सोमवार

आज वर्गात माझी प्रात्यक्षिकाची वही नमुना म्हणून फिरवली. तिच्यातल्या चौथ्या प्रयोगाचे आकडे खोटे आहेत. मीच लिहिलेत. तोंडाने कुणाला सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पाटणे सर म्हणाले, "याला नोंद म्हणतात. पुस्तकात सांगितलंय तसंच आलंय." मागच्या बाकावरून एक मुलगी मला: "बाई, तुमचीच उतरवू का? माझा तर ताराच लंगडा निघाला." वर्ग हसला. मीही हसले.

अठ्ठावीस वर्षं कॉपी करणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलं. निवृत्त होऊन आठ महिने झाले. रिकामपण सोसेना म्हणून तीस वर्षांपूर्वीच्या बी.ए.ला मानसशास्त्र हा जादा विषय घेतला. पोरांचं मन कसं चालतं ते आपल्याला ठाऊकच आहे, आता कागदही हातात असावा, असा विचार होता.

१७ जाने., मंगळ

नोंद नीट असावी.

शनिवार ता. ७. वर्गात सगळ्यांच्या जोड्या लागल्या, मी एकटी उरले. (मुली माझ्याजवळ बसत नाहीत. दोघी-तिघी माझ्याच शाळेतल्या.) सर म्हणाले, घरचं कुणी प्रयोज्य म्हणून घ्या, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. आरसा, पुठ्ठ्याचा आडोसा, ताऱ्यांचे कागद पिशवीत घालून घरी आणले. रविवारी भाची सुशी हिला बसवलं.

प्रयोग असा: हात आडोशामागे, दिसतो फक्त आरशात. ताऱ्याच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. एकदा डाव्या हाताने, मग दहा वेळा उजव्याने, शेवटी पुन्हा एकदा डाव्याने. पहिला डावा प्रयत्न सर्वांत वाईट यायला हवा. उजव्याच्या सरावाने शेवटी डावाही सुधारतो, हे दाखवायचं.

सुशीने डाव्या हाताने पहिला तारा एकाहत्तर सेकंदांत काढला. चुका चार. उजव्याने तीन मिनिटं, चुका मोजता मोजता थकले. दहाव्या वेळेलाही उजवा हात डाव्याच्या जवळ आला नाही. 

"आत्या, पास का नापास?" सुशी हसून म्हणाली.

प्रयोगानंतर प्रयोज्याला काय वाटलं ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं असतं. ती म्हणाली ते मी कच्च्या कागदावर उतरवलं: "डाव्या हातानं काढताना काहीच वाटलं नाही, खेळल्यासारखं. उजव्यानं काढताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं. तू समोर बसली होतीस, तरी."

रात्री वहीत लिहिलं: "प्रारंभी गोंधळ वाटला. सरावाने सोपे गेले." आकडे पुस्तकाप्रमाणे बेतले. खाली प्रयोज्याची सही: तीही मीच केली. तिचं 'सु' मला जमतं. मीच तर गिरवून घेतलंय.

१९ जाने., गुरु

कारण लिहायचं टाळते आहे.

सुशी माझ्या भावाची, नामदेवची मुलगी. सहाव्या वर्षी शाळेसाठी उमरेडहून माझ्याकडे आली. डावखुरी होती. पाटी, घास, आरतीचं ताट, सगळं डाव्या हाताने. मी तिचा डावा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने कमरेशी बांधला. जेवताना आणि अभ्यासाला बसताना. चौदा महिने. पुढे पट्टी लागली नाही, मी बघितलं की पुरे व्हायचं.

देवाधर्मासाठी केलं नाही. लोक सासरी हसतील, शाळेत मागे पडेल, म्हणून. शिस्त. शिक्षकांच्या सभेत मी हे उदाहरण म्हणून सांगितलं आहे. टाळ्या पडल्या होत्या.

त्या वर्षी ती अंथरूण ओलं करत असे. ते मी सभेत सांगितलं नाही.

२० जाने., शुक्र

तासाला सरांना विचारलं, "शिस्त म्हणून हात बदलला, तर?"

"हातानं काय बेशिस्त केली होती, बाई?" सहज म्हणाले, त्यांना काय ठाऊक. पुढे म्हणाले की काही मुलांना त्रास होतो, काहींना होत नाही, छातीठोकपणे सांगता येत नाही. मी ते वहीत उतरवून घेतलं. 'काहींना होत नाही' याखाली रेघ मारली. घरी आल्यावर खोडली.

येताना सीताबर्डीवर एका बाईने वाकून नमस्कार केला. ओळख पटेना. "तुम्ही सांगितलं म्हणून आमच्या पोरीचा हात वळला हो, बाई. नाहीतर काय झालं असतं!" मुलगी मागे उभी. सोळा-सतराची. तिने नमस्कार केला नाही. आईने कोपराने ढोसलं, तरी नाही.

अशा किती जणींना सांगितलं? आठवत नाही. आठवत नाही हे खरं नाही.

२२ जाने., रवि

नामदेव सकाळच्या एस.टी.ने आला. पोपटीच्या शेंगा आणल्या. हातमाग विकल्यापासून खाणीवर चौकीदारी करतो. टेबलावरचे कागद पाहून: "या वयात चांदण्या काढून राहिली का वं, अक्का?"

सुशी बाजारात गेली होती. मी त्याला विचारलं, तिचा हात बांधलेला आठवतो का.

"आठवत नाही त काय! काहून विचारून राहिली आता?"

तेव्हा तुला काय वाटलं होतं?

शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "मागावर सुताचा धोटा आमी कोणत्या हातानं फेको? दोयी हातानं. डावा वंगाळ असता त लुगडं अर्धंच निघालं असतं."

मग बोलला का नाहीस?

"तू बी.ए. मी माग चालवणारा. तुले काय शिकवू?" नंतर, मला बरं वाटावं म्हणून असेल, हसून म्हणाला, "सुट्टीत घरी येये त मागाच्या खड्ड्यात उतरून जेवे. डाव्या हातानं. माय वरून भाकर देये. माय म्हणे, अक्काले सांगू नोको."

म्हणजे आईसुद्धा मला भीत होती.

२५ जाने., बुध

सुशी आठवडाभर मागे लागली आहे, "माझं काय लिहिलंस, दाखव ना." मी सांगत आले, वही सरांकडे आहे. वही कपाटात होती. आज इस्त्री काढताना तिला सापडली.

स्वयंपाकघरात आली, उघडं पान हातात.

"हे मी म्हटलं नव्हतं."

मी पोळी लाटत राहिले. मग सगळं सांगितलं. हाताचंही. सांगताना माझा आवाज शाळेतल्यासारखा लागला, तो मला ऐकू येत होता.

ती म्हणाली, "हाताचं मला ठाऊक आहे, आत्या. तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तुला तेच बरोबर वाटत होतं. आता मी सव्वीस वर्षांची आहे. तूच विचारलंस म्हणून सांगितलं. मग माझं म्हणणं का बदललंस?"

 पोळी करपली.

२६

सुट्टी. एका घरात दोघी. तिने डबा स्वतः भरला आणि मैत्रिणीकडे गेली.

२८ जाने., शनि

क्षमा माग, असं मी किती मुलींना म्हटलं असेल. स्वतः मागायची कशी ते येत नाही. काल दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा विचारलं, "चहा घेणार?" नको म्हणाली.

१ फेब्रु., बुध

सरांना भेटले. खरं सांगितलं, उभ्याने. ते खुर्ची पुढे करत होते, मी बसले नाही.

ते वरमले. "बाई, स्पष्ट बोलतो. निम्मा वर्ग आकडे जुळवतो. मी वहीवर सही करून बसलोय. कशाला उकरता?"

"निम्म्या वर्गाने प्रयोज्याचा हात बांधलेला नसतो."

पुढे केलेली खुर्ची त्यांनी मागे घेतली. मग: विभागप्रमुखांकडे कळवावं लागेल. प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देतील की नाही, सांगता येत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी विचारली, जी मला सुचायला हवी होती: "मूळ जबाब द्यायला तुमच्या भाचीची हरकत नाही ना?"

बाहेर मुली घोळक्याने उभ्या होत्या. एक म्हणाली, "बाई, सरांनी तुम्हालाही झापलं की काय?" हो म्हटलं. तिला खरं वाटलं नाही.

३ फेब्रु., शुक्र

सुशीला विचारलं. कच्चा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने दोनदा वाचला.

"दे. माझंच म्हणणं आहे."

खाली प्रयोज्याची सही लागते, मी म्हटलं.

"ती तू केलीस ना एकदा."

"ती खोटी होती."

"मग तसं लिही. मी करणार नाही." कागद टेबलावर सरळ ठेवला आणि केस विंचरायला गेली. रागावली असती तर बरं होतं. रागाला काय करायचं ते मला माहीत आहे.

तेव्हा म्हटलं, "सुशी, चुकलं माझं." फणी थांबली. ती वळली नाही. मग फणी पुन्हा चालू झाली.

६ फेब्रु., सोम

सकाळी साडेअकराला पाटणे सरांकडे दिलं, ते असं:

प्रात्यक्षिक वही एक. चौथ्या प्रयोगावर तांबड्या शाईने आडवी रेघ, खाली "आकडे, जबाब व सही खोटी, माझ्या हातची", माझी सही, तारीख.

ताऱ्यांचे मूळ कागद बारा. डावे दोन, उजवे दहा. प्रत्येकावर वेळ आणि चुका, पेन्सिलीने, त्या दिवशी टिपल्या तशाच.

सुशीचा जबाब, कच्चा कागद एक. एकही शब्द दुरुस्त केलेला नाही.

विभागप्रमुखांच्या नावे अर्ज एक.

आरसा आणि आडोसा प्रयोगशाळेत परत. पोच घेतली.

प्रयोज्याची सही: नाही. जागा कोरी ठेवून दिली. सरांनी विचारलं, नंतर आणून देणार का. म्हटलं, ते तिच्यावर आहे.