वादळाची पहिली संध्याकाळ

मंगळवार, १४ मार्च

प्रिय बारक्या,

तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला कमी आहे, गुडघे तसेच. आता आम्ही दोघीच, त्यामुळे स्वयंपाक पटकन उरकतो आणि संध्याकाळ संपता संपत नाही.

लिहिलंयस, "ताई, बाबांच्या शेवटच्या दिवशी चुंबकीय वादळामुळे जहाजावरून रेडिओ लागलाच नाही, हे आईला नीट समजावून सांग. तुझाच विषय आहे." विषय माझाच. वेधशाळेत बसून आभाळात सिग्नल सोडायचे आणि वरच्या विद्युतभारित थरावरून ते कसे परततात ते बघायचं, यावरच माझं पोट चालतं. तेव्हा आधी तुलाच समजावते.

वादळ होतं. पण आपल्या अक्षांशांवर पहिल्या दिवशी हा थर बऱ्याचदा दाट होतो. एरवी आरपार निघून जाणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीही परत येतात, लांबलांबचं ऐकू येतं. थर विरळ होऊन रेडिओ मुका होतो तो दुसऱ्या दिवशी. तू दुसऱ्या दिवसाची सबब पहिल्या दिवशी वापरलीस, शहाण्या.

त्या संध्याकाळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर तू नव्हतास. बाबांना धाप लागली होती, तरी उशीला टेकून बसले. जन्मभर रेडिओ ऑपरेटर होता माणूस. म्हणाले, "वादळ आहे ना, मग वर जाऊन शोध."

मी घरच्या सेटचं बटण फिरवत वरच्या फ्रिक्वेन्सीवर गेले आणि तू सापडलास. शेजारच्या खोलीतून बोलावंस इतका स्वच्छ. कुठल्याशा मित्राबरोबर हसत होतास. त्यानं घरचं विचारलं, तर म्हणालास, "म्हातारा रोजच मरतोय. आज वादळाचं निमित्त मिळालं, सुटलो."

मी घाईनं आवाज कमी केला, पण बाबांचं ऐकून झालं होतं. मी माइक उचलला तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. बोलू दे त्याला." मग जरा वेळानं म्हणाले, "आईला सांग, वादळ होतं. लागला नाही." उजाडायच्या आत गेले.

तुझं पत्र यायच्या आधीच मी आईला तसंच सांगून टाकलंय. ती बिचारी शेजारीपाजारी सांगत असते, पोराचा जीव तिकडे तळमळत होता म्हणून. शेजारी बसून मान डोलावताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. केसानं गळा कापलास रे, आणि वर माझ्याकडूनच साक्ष मागतोस.

ये घरी. आईला जवळ घे, वादळाला हव्या तेवढ्या शिव्या दे. मी मध्ये बोलणार नाही, बाबांना तसं कबूल केलंय. फक्त माझ्या गळ्यात पडून रडू नकोस.

आईसमोर तेवढी तुझी,
ताई