म्होरकीची घंटी

खालची वस्ती, म्हसवड
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

चि. सईस आजीचे अ. आ.

आज पयला आला शेजारच्या रानाचा बाळासो. मी चूळ भरत हुते, तवर गडी टोपी काढून दारात हुबा. म्हनला, काकू, काल तुमी मेंढरं माज्या पडीक रानात बसवली, रानाला खत झालं, लय उपकार झालं, आता वरच्या तुकड्यात बी दोन रात बसवा. मी म्हनलं, बाळ्या, सकाळी सकाळी घेतलीस का काय. नऊ वरीस झाली, माज्या दारात मेंढरू न्हाई. सई, तुजा आजा गेला न तुज्या बापानं एकशेचाळीस मेंढरं त्याच्या नाथाजीकाकाच्या वाड्यात, म्हंजे कळपात, राखायला दिली, ती दिलीच. पर बाळासोनं हाताला धरून नेलं. बघते तर रानात चौकोनी जागा, वाघर लावल्यागत. वाघर म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी, तू इसरली असशील. आत लेंड्याच लेंड्या. चार चुरून बघितल्या, अजून ऊब हुती. मागनं कुंपनापल्याडची तानुबाई आली, तिचं नाक सगळ्यात असतंय. ती म्हनली, कुनीतरी वाटसरू वाडा बसून गेला असंल. मी बी तसंच म्हनलं.

तुजा कुत्रा ब्येस हाय. टेडी हे नाव डोंगरावरनं हाळी द्यायला येत न्हाई, म्हनून मी मल्हार ठेवलं न तो बी लगेच वळून बघाय लागला. एवढं केसाळ जनावर मी जल्मात बघितलं न्हाई. बसला की घोंगड्याची घडी, न उठला की घडीच चालाय लागली. तू लिवून दिलंस तसं रोज इंचरते, कानामागच्या गाठी बोटानं सोडवते, गोचीड बघते, उन्हाचा रांजनाशेजारी बांधते. तुज्या लग्नात तुज्या केसांचं एवढं केलं न्हाई. तानुबाईच्या कोंबड्या रोज एका कोपऱ्यात गोळा करतो न त्यांच्याम्होरं बसतो. ती शिव्या देती, मला हसू येतंय.

एक केलंय. हा जवारीत घुसला की दिसत न्हाई, न माज्या कानाला त्याची चाहूल लागत न्हाई. कान गेलं म्हनून तर फोन सोडून आपलं हे पत्राचं चाललंय. म्हनून देवळीतली आपल्या म्होरकीची घंटी काडून त्याच्या गळ्यात बांधली. म्होरकी म्हंजे म्होरं चालनारी मेंढी. तिची घंटी जिकडं, मेंढरं तिकडं. न नवल सांगते, मला कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई, पर ही घंटी येती. पार ओढ्याच्या पल्याडनं येती.

माज्या पनतूला, राजसला, न जावयास आशीर्वाद. असाच जीव लावून ऱ्हावा.
तुजी आजी, हरणाबाई


विश्रामबाग, सांगली
शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस सईचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र राजसने मोठ्याने वाचलं आणि घडी चालायला लागते तिथे लोळून हसला. टेडीचा मल्हार झाला हे त्याला मान्य आहे, पण परत आला की पुन्हा टेडी, असं त्याने बजावलंय. एक मात्र ऐक. तानुबाई कितीही मागे लागली तरी त्याचे केस मेंढरासारखे कातरू नकोस. आतल्या मऊ केसांमुळेच ऊन त्याला सोसतं, असं डॉक्टर म्हणतात.

कोंबड्या गोळा करतो याचं नवल नाही, त्याच्या रक्तातच ते आहे. तुला सांगितलं नव्हतं, पण इथेही दिवेलागणीला तो हॉलच्या रिकाम्या कोपऱ्याभोवती गोल गोल फिरायचा आणि मग तिथेच पहारा देत बसायचा. वरचे लोक भुंकण्याची तक्रार करायचे, पण खरं तर तो कधी भुंकलाच नाही. कोण भुंकत होतं ते आम्हाला कळलं नाही. त्या तक्रारींमुळेच त्याला तुझ्याकडे ठेवावं लागलं, पण आता तळमजल्याचं घर मिळालंय. गावच्या रथयात्रेच्या दिवशी, शुक्रवारी २१ तारखेला, बाबा आणि मी येतो आणि त्याला घेऊन जातो. या वेळी तुलाही नेणार आहोत, नाही म्हणायचं नाही.

घंटीचं वाचलं तेव्हा बाबांनी हातातला चहा खाली ठेवला. आईला लिही, म्हणाले, ती घंटी आधी काढ. का ते सांगेनात. देवळीत देवापाशी ठेवलेली वस्तू कुत्र्याला बांधली म्हणून असेल. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तुझी माया अशीच पाठीशी राहू दे.
तुझी सई


खालची वस्ती, म्हसवड
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चि. सईस आजीचे अ. आ.

घंटी काही काडली न्हाई. भाऊसोला सांग, आई अजून आई हाय.

आता गंमत ऐक. माळ्यावरची जुनी वाघर उतरवून अंगनात लावली. मल्हार दिवस मावळायच्या टायमाला ओढ्याकडनं येतो, डावीकडं पळतो, उजवीकडं पळतो, मागं ऱ्हायलेल्याला ढुसनी देतो न वाघरीच्या तोंडाशी बसतो. मला काय दिसत न्हाई. पर धूळ उठती गं. न वास येतो, वल्या लोकरीचा. नऊ वर्सांनी तो वास आला न मी पायरीवर बसून ऱ्हायले, चूल इझली तरी उठले न्हाई.

सकाळी बाभळीच्या काट्याला काळी लोकर घावती. मल्हार तर पांढरा न तांबूस. मी चाती काडली न सूत कातलं. बोटं इसरली न्हाईत. त्यातला दोरा पाकिटात घातलाय, भाऊसोच्या मनगटाला बांध. ल्हानपनी बांधत हुते तसा, दिष्ट लागत न्हाई.

न पावनं आलं हुतं. काल भर उन्हाचं, पाखरू बी बोलत नव्हतं. म्होरं नाथाजी, मागं त्याची दोन मानसं, न चवथा घोडी धरून लिंबाखाली पाठमोरा. मल्हार भुंकला न्हाई. सगळ्यांभोवती एक फेरी मारली, चवथ्याला जरा जवळ आनला न बसला. नाथाजी तसाच हाय, मिशीचा एक बी केस पिकला न्हाई. म्हनला, वयनी, मेंढरं सगळी हाईत, एक बी कमी न्हाई, मागं हाकायला कुत्रं तेवढं न्हाई. नाथाजीचं सगळं नीट ऐकू आलं मला. चार भाकऱ्या केल्या, ठेचा केला. चवथा काय वळला न्हाई. पर पटका बांधायची तऱ्हा वळखीची वाटली. डाव्या कानावर शेमला सोडलेला.

भाऊसोला सांग, तुज्या नाथाकाकानं राखन चांगली केली. त्याला बरं वाटंल.

लोभ हाय तो वाढवत ऱ्हावा, पोरी.
तुजी आजी


विश्रामबाग, सांगली
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं बाबा म्हणाले, म्हणून लिहिते.

तू पाठवलेला दोरा बाबांनी हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, ही आपल्या म्होरकीची लोकर आहे. मग भिंतीकडे तोंड करून बसले. आजी, बाबांनी मेंढरं नाथाजीकाकांना दिलीच नव्हती. आजोबांच्या तेराव्यानंतर ती खाटकाच्या व्यापाऱ्याला विकली, दोन गाड्या भरून. तुला सोसणार नाही म्हणून राखायला दिली असं सांगितलं. काकांनी त्यांच्यासाठी तुझ्यापाशी होला हो केलं. आणि नाथाजीकाका कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी गेले. बाबा मातीला जाऊन आले होते, तेही तुला सांगितलं नाही.

मी तानुबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, त्या दुपारी तुझ्याकडे कुणी आलेलं त्यांनी पाहिलं नाही. तू पायरीवर बसून एकटीच हसत होतीस, आणि समोर चार ताटं होती. मला वाटत होतं, उन्हाने किंवा वयाने तुला भास होत असतील. पण त्यांनीच पुढे सांगितलं, संध्याकाळी ताटं उचलायला गेले तर चाटूनपुसून लख्ख होती, आणि ताटं वाढल्यापासून कुत्रा त्यांच्याकडेच होता.

बाबांनी दोरा बांधला, त्या दिवसापासून ताप आहे. उठून बसतात आणि तोंडाने मेंढरं वळवल्यासारखा आवाज करतात. उतार पडला की लगेच निघतो. नाहीच पडला तर शुक्रवारी २१ ला मी एकटी येते. तोवर घंटी काढ. कुणी आलं तर दार उघडू नकोस. मल्हारला घरात घे आणि तूही घरात राहा. माझ्यासाठी एवढं कर.

तुझीच सई


खालची वस्ती, म्हसवड
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सईस आजीचे अ. आ.

रडू नकोस न भाऊसोला बी रडू देऊ नकोस. मला ठावं हुतं. त्याच दिशी कळलं. त्यो संध्याकाळी आला न म्होरकीची घंटी देवळीत ठेवली, आठवन म्हनून. मेंढरं दुसऱ्याच्या वाड्यात राखायला दिली तर म्होरकीची घंटी कुनी काडत न्हाई गं, मग ती चालनार कशाच्या मागं? घंटी काडायची ती सुरीखाली जाताना. धनगराच्या पोरानं एवढी चूक केली न मी समजले. पर बाप गेल्याला तेरा दिस झालं हुतं, तोंड उतरलं हुतं त्याचं. मी म्हनलं, बरं केलंस, नाथाजी चांगला मानूस हाय. तेवढंच त्याला पायजे हुतं. नऊ वरीस मी गप ऱ्हायले न तो बी गप ऱ्हायला. दोघं बी एकमेकाला राखत हुतो. त्याला म्हनावं, दोरा सोड, ताप उतरंल. मनगटावर ठेवायचा न्हाई, आता काम झालं.

नाथाजी गेल्याचं बी मी वळखलं. एक बी केस पिकला न्हाई म्हनलं न्हवं.

काल पावनं परत आलं. ह्या टायमाला चवथा वळला. बशीत च्या वतून दिला तर फुर्र करून प्याला, न बशी पालथी घातली. अशी बशी पालथी घालनारा मानूस मी जल्मात एकच बघितलाय, न त्याच्यावरनं चाळीस वरीस भांडले. तानुबाई कुंपनापल्याड हुती, तिला म्हनलं बघ बघ, तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. कोंबड्या बी घेऊन गेली.

पावनं म्हनले, पाऊल आता कोकनाकडं वळवायचं. घाटाखाली चारा झालाय. मागं हाकायला कुत्रं पायजे, न वाटंत कोकरं झाली तर उचलून घ्यायला बाईमानूस पायजे. मी म्हनलं, कुत्रा माजा न्हाई, माज्या नातीचा हाय, तिला इचारल्याबगार देनार न्हाई. त्यांनी मान डोलावली. मल्हारला कडीला बांधूनच ठेवीन, घंटी काडून. तेवढा तुजा शब्द पाळते. तू शुक्रवारी येशील तवा तो लिंबाखाली बसलेला असंल, इंचरलेला, भाकरी खाल्लेला. राजसला म्हनावं टेडी जसाच्या तसा हाय. फकस्त घंटी तेवढी मला लागनार, म्होरं कुनीतरी चालाय पायजे.

घोंगडं धुऊन वाळत घातलंय. किल्ली तानुबाईकडं हाय. बाळासोला सांगितलंय, वरचा तुकडा बी बसवून हुईल. मला लय हलकं वाटतंय बघ, लगीन ठरल्यागत.

टपालवाला म्हनतो, सांगलीला पोचाय तीन दिस लागत्यात. तू तुज्या शुक्रवारीच ये, घाई करू नकोस. जीव हुता तसाच लावत ऱ्हा, मी बी जिथं असंल तिथनं लावीन.

तुजी आजी, हरणाबाई

ता. क. पावन्यांनी परत यायचा दिस सांगितलाय. बेस्तरवारी, तुज्या शुक्रवारच्या आदल्या दिशी, अवसंला, उन्हं डोक्यावर आली की.