विरळ केसांचा पूर्वपक्ष

९ एप्रिल

केसांवर लिहायचं! मी!

पुरवणीचं सौंदर्याचं पान सांभाळणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. उन्हाळा रजेवर जात नाही, म्हणून संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. न्यायालयं, धरणं, आगी, संप यांतच आयुष्य गेलेला वार्ताहर मी. "शास्त्रीबुवा, बारीक नि नाजूक केसांची उन्हाळ्यातली निगा. आठशे शब्द." मी विचारलं, या विषयात माझा अधिकार काय? त्यांनी माझ्या टाळूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ज्याच्याकडे थोडं उरलंय तो जपून वापरतो," म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर जे आहे ते झोपताना खुंटीला टांगलेलं असतं, हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक आहे. पण नोकरी आहे. मान डोलावली.

१० एप्रिल

आरशात पाहिलं. अधिकार आहे.

१२ एप्रिल

कुरकुर केली तेवढी पुरे. खरं म्हणजे विषय मला हवाच होता — ताईसाठी.

ताई, माझी थोरली बहीण, खालच्या मजल्यावर एकटी राहते. शाळेत भूमिती शिकवते आणि घरी मला. गेल्या वर्षी कॅन्सर झाला, केमो झाली, होते नव्हते ते केस गेले. औषधं थांबल्यावर हळूहळू परत आले, पण कसे! कुठे तो पूर्वीचा मनगटाएवढा शेपटा आणि कुठे हे. तान्ह्या बाळाचं जावळ! पंखा लावला की सगळे एका बाजूला पळतात. वर्षभर डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेली. आता जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिल्या दिवशी रुमालाशिवाय वर्गात शिरायचं असं तिनं ठरवलंय. दुखण्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. पण हे मात्र येता-जाता सांगते.

"पोरं विचारतील ना, बाई, हे डोक्यावर काय? मी म्हणेन, समांतर रेषा. कुठेही एकमेकींना भेटत नाहीत."

मधे अख्खा उन्हाळा पडलाय. घाम, धूळ, ऊन. एवढंसं जावळ जूनपर्यंत टिकवायचं. तेव्हा लेख तिच्यासाठी. बाकीच्यांनी वाचला तर माझी हरकत नाही.

१५ एप्रिल

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसलो. बाई मोकळ्या. म्हणाल्या, "बारीक केस म्हणजे बारीक धागा. त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, एवढं लिहा आणि घरी जा." पण माझे आठशे शब्द भरायचे होते, म्हणून खोदून विचारलं. तेल थापायचं नाही — उन्हाळ्यात त्यात घाम नि धूळ बसते, केस चप्प होतात. फार वाटलं तर धुण्याआधी टोकांना बोटभर. पाणी गार किंवा कोमट. साबण सौम्य. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. ओल्या केसांत कंगवा घालायचा नाही. वाळल्यावर रुंद दातांचा. करकचून बांधायचं नाही. उन्हात जाताना सुती कापड, सैल. ड्रायर कपाटातच शोभतो.

निघताना म्हणाल्या, "स्वतःसाठी विचारत होतात का? मग टोपी."

१६ एप्रिल

लेख झाला! आणि काय झालाय! उगाच नाही आमचे वडील पाठशाळेत शिकवत. त्यांची शिस्त अशी — आधी पूर्वपक्ष. म्हणजे जे खोडायचं ते समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं, आणि असं मांडायचं की समोरच्यालाही वाटावं, अरे, आपण इतके हुशार होतो? मग 'अत्रोच्यते', म्हणजे 'यावर आमचे म्हणणे असे', आणि तिथून खंडन. एकेक मुद्दा उचलायचा आणि आपटायचा.

मीही तसंच केलं. पहिल्या अर्ध्या लेखात लोकांचे सगळे गैरसमज सालंकृत मांडले. भरपूर तेल थापून उन्हात बसावे, म्हणजे ते मुरते. मग कढत पाण्याने खसखसून धुवावे. ओले असतानाच बारीक कंगव्याने विंचरावे आणि घट्ट आवळून बांधावे, म्हणजे मुळे बळावतात. वाचताना मलाच पटायला लागलं! मग नवा परिच्छेद — 'यावर आमचे म्हणणे असे की, हे सर्व चूक आहे.' आणि मग डॉक्टरीणबाई.

लेख दिला. उद्या बाहेरगावी, कारखान्याच्या संपावर. ताईला म्हटलं, पुरवणी वाच, तुझ्यासाठी लिहिलंय. "शब्दकोडं सुटलं की बघते," म्हणाली.

२६ एप्रिल

परत आलो. प्रवासात मिटलेले डोळे घरी पुरवणी पाहून उघडले ते अजून मिटत नाहीत.

ऐनवेळी कूलरची जाहिरात आली. पान लावणाऱ्यानं माझा लेख कापला. खालून. 'यावर आमचे म्हणणे' या परिच्छेदापासून कूलर सुरू होतो! वर अख्खा पूर्वपक्ष, तालेवार, डौलदार, आणि शेवटचं वाक्य — 'असे जाणत्यांचे मत आहे.' खाली माझं नाव. शेजारी कूलरमधून वाऱ्यावर केस उडवणारी बाई हसतेय. मला हसतेय.

तसाच जिना उतरलो. ताई खुर्चीत, डोळे मिटून, पेपर मांडीवर.

"ताई, ते करू नकोस! ते माझं मत नाही!"

"खाली नाव तुझं आहे."

"पुढचं कापलं गं!"

"आम्ही आपलं छापलेलं खरं मानतो बाबा. रोज तंतोतंत करतेय. तेल, ऊन, कढत पाणी. कंगवा तर असा ओढते की वडील आठवतात."

ती इतकी हसली की धाप लागली. हसण्यासारखं काय होतं!

२७ एप्रिल

पान लावणाऱ्याशी भांडायला गेलो. तो शांतपणे चहा पीत होता. "शास्त्रीबुवा, मजकूर खालून कापतात हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला? महत्त्वाचं वर लिहायचं ना!" बातमीत मी तेच करतो. जन्मभर केलं. पुरवणीत कोण कापणार, म्हणून जरा शास्त्र पाजळलं. खाल्ली माती.

बायकोनं लेखाबद्दल अक्षर उच्चारलं नाही. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तर दोन दिवस माझी सालं काढणारी बाई! "जाऊ द्या, होतं असं," म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला.

२९ एप्रिल

खुलासा छापून आला. शब्दकोड्याच्या उत्तरांखाली. चष्म्यावर चष्मा लावला तर दिसतो.

३० एप्रिल

संपादकांच्या सासूबाईंनी लेख पाळला. टाळू भाजली. संपादकांनी मला झापलं, पण मधेच खिडकीबाहेर बघून हसले. खुंटीवरचं सुद्धा किंचित हललं.

४ मे

प्रायश्चित्त चालू आहे. कामावर जाण्याआधी रोज खाली जातो. रुंद दातांचा कंगवा आणला, लाकडी. रेशमी उशीचा अभ्रा आणला — दुकानदारानं विचारलं, "लग्न ठरलं का घरात?" मऊ जुना पंचा आणला टिपायला. ताई सिंहासनावर बसल्यासारखी बसते आणि आज्ञा सोडते. "हळू! हेच जर आठवडाभर आधी छापलं असतंस—" आणि सुस्कारा. माझा जीव जातो. मग ती खुशीत.

उन्हानं गळून गेलीय. काही खात नाही. या उकाड्यात कोण खाईल.

तिचं आणि बायकोचं अलीकडे फार गूळपीठ जमलंय. मी कार्यालयात असलो की दोघी रिक्षा करून 'कापड बघायला' जातात. कापड अजून घरात आलेलं नाही. बायका कापड नुसतं बघू शकतात, हा आनंद पुरुषांना कधी कळणार नाही.

११ मे

केस गेले.

म्हणजे जायला लागले. रेशमी अभ्र्यावर सकाळी पुंजके. मी कंगवा लावला न लावला तोच हातात आले — ओढलं नाही, देवाशपथ ओढलं नाही! मी तसाच उभा. ताईनं माझ्या हाताकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग म्हणाली, "बघ, तुझा लेख कुणीतरी मनापासून वाचला."

मी ते पुंजके पंचात गुंडाळायला लागलो.

"अरे विद्वाना, बोल की. एवढं सालंकृत लिहितोस."

१२ मे

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "तेलानं, कढत पाण्यानं बारीक केस तुटतात. असे मुळापासून पुंजके जात नाहीत. एकदा त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या." डॉक्टरीणबाई भल्या आहेत, पण माझ्या गद्याची ताकद त्यांना ठाऊक नाही.

तरी ताईला म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना दाखवूया. इतकी भडकली की बास! "केस घालवलेस तू आणि फी त्यांनी घ्यायची? काही नको. तुझ्यामुळेच झालंय. तुझ्यामुळेच!" जन्मात माझ्यावर अशी ओरडली नव्हती. लहानपणी तिची पाटी फोडली तेव्हाही नाही.

ओरडून झाल्यावर पाणी मागितलं. मी दिलं.

१५ मे

पुन्हा रुमाल. निळा.

आल्यागेल्याला सांगते — "भावानं केलं हे. लेखणीनं. कात्रीसुद्धा लागली नाही." शेजारीण माझ्याकडे असं बघते की मी जिन्यात बाजूला होऊन तिला वाट देतो. दूधवाला हसतो. दिलखुलास टिंगल चाललीय माझी, सगळ्या इमारतीत. ताईला त्यात भारी मजा येते. येऊ दे. तेवढा तिचा हक्क आहे.

जूनचं मात्र बोलत नाही. मी काढलं तर म्हणते, "तू पुढचा लेख कशावर लिहितोयस? पोहण्यावर लिही. बुडवू कुणाला तरी."

१९ मे

झोप नाही. तिनं वर्षभर एकच गोष्ट मागितली होती. वर्गात उघड्या डोक्यानं जायचं. एवढीच. आणि माझ्या शैलीपायी तीही गेली. पूर्वपक्ष! काय गरज होती? 'तेल लावू नका' — तीन शब्द. न्यायालयाच्या बातमीत लिहितो तसं. आरोपी दोषी.

२३ मे

राजीनामा लिहिला. महत्त्वाचं पहिल्याच वाक्यात लिहिलं, हो — कापायचं तर कापा. उद्या देणार. ताईला आधी वाचून दाखवणार, निदान त्यातल्या चुका काढताना तिला बरं वाटेल. बायकोला सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

२४ मे

बायकोनं राजीनामा माझ्या हातातून काढून घेतला. वन्संनी त्या लेखातलं काहीसुद्धा केलं नव्हतं, म्हणाली. तेलाचं बोटही नाही. दुखणं उलटलंय. मी संपावर गेलो त्याच आठवड्यात केमो पुन्हा सुरू झाली. कापड बघायला म्हणून हीच घेऊन जाते. "तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या. म्हणाल्या, तेलानंच गेले असं वाटू दे त्याला. तेलानं गेलेले परत येतात."

उद्या खाली जाऊन लेखाबद्दल पुन्हा माफी मागायचीय. जरा मोठ्यानं.